ताई, त्या डब्याचं झाकण उघडू नका

पत्र, थोडक्यात:

«कराडजवळ आमचं बैठं घर आहे, मागे दीडेक गुंठा परसबाग. जूनच्या मध्याला काकडी, दुधी, दोडका आणि कारलं लावलं. उगवण छान झाली, पण आठवड्याभरात काकडी-दुधीच्या पानांची चाळण झाली. वांग्याच्या पानांची तर नुसती जाळी उरली आहे. चवळीवर आणि जास्वंदीवरही तऱ्हेतऱ्हेचे भुंगेरे दिसतात. पुतण्यानं ठिपक्यांचे, पट्ट्यांचे जे दिसतील ते सगळे हातानं चिरडले, तर रात्री त्याच्या बोटांना फोड आले. परवा गुलाबाची कुंडी पालथी केली तेव्हा मातीतून अंगठ्याएवढी पांढरी अळी निघाली, म्हणजे मुळं खाणारी हुमणीही आलीच. शेजारच्या काकांनी एका जुन्या डब्यातली पांढरी पावडर दिली आहे, ‘टाक, सगळं मरेल’ म्हणाले. मला सगळ्या भुंगेऱ्यांवर चालेल असं एकच औषध सांगा.»

ताई, आधी तो डबा. लेबल नाही, नाव नाही, किती वर्षांचा आहे ते काकांनाही सांगता येणार नाही. त्या पावडरीचं झाकण उघडू नका. घरात खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नका, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी बंद करून ठेवा, वर ‘विष’ असं ठळक लिहा आणि तुमच्या गावच्या कृषी सहायकांना विचारून तिची विल्हेवाट लावा. नाल्यात किंवा घंटागाडीत टाकायची ती वस्तू नाही. आपल्याकडे भुंगेऱ्यांवर वर्षानुवर्षं धुरळली गेलेली कार्बारिल भुकटी २०१८ साली बंद झाली. हुमणीसाठी ज्याचे दाणे सर्रास मातीत टाकले जायचे ते फोरेटही ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झालं. घरोघरी माळ्यावर पडलेले जुने डबे बहुतेक असल्याच कशाचे तरी असतात. ज्या दुधीची भाजी तुम्ही परवा मुलांच्या ताटात वाढणार आहात, तिच्यावर ते नको.

आता तुमचं ‘एकच औषध’. तसं औषध मी सांगणार नाही, कारण तुमच्या पत्रात मला एक कीड दिसत नाही. पाच-सहा वेगवेगळे जीव दिसताहेत, आणि त्यातले किमान दोन तुमच्या बाजूनं राबणारे आहेत. सगळ्यांना मारणारं औषध त्या दोघांना आधी मारतं. म्हणून आपण एकेका झाडाशी जाऊ. उद्या सकाळी हे पत्र हातात घेऊनच बागेत उतरा.

पहिल्यांदा काकडीच्या आळ्याशी. सहा-साडेसहाला जा, ऊन तापायच्या आत. पानावर किंवा पानाखाली नखाएवढा, लांबट, तकतकीत नारिंगी-तांबडा भुंगेरा बसलेला असेल. हा वेलवर्गाचा तांबडा भुंगेरा. याला दोन-चार पानांची कोवळी रोपं फार आवडतात. उगवलेली पहिली दोन जाड पानं तो अशी खातो की रोप उभं राहण्याआधीच संपतं. माझ्या स्वतःच्या अंगणात एका वर्षी संध्याकाळी अकरा रोपं मोजून मी झोपायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तेव्हा सात ठिकाणी फक्त हिरव्या काड्या होत्या. वेल मांडवावर चढून दहा-बारा पानं झाली की हाच भुंगेरा तितकं नुकसान करू शकत नाही. म्हणजे लढाई पहिल्या तीन आठवड्यांची आहे, आणि ती तुम्ही या वेळी अर्धी हरला आहात. त्यात तुमची चूक नाही, पण पुढच्या लावणीला हे माहीत असू द्या.

एक गंमत जवळून बघण्यासारखी आहे. काही पानांवर तुम्हाला गोल, जणू बांगडी ठेवून कापलेली रेघ दिसेल. भुंगेरा आधी पानात असा गोल चर कापतो आणि मग चराच्या आतला भाग खातो. वेलवर्गाच्या पानांतून चिकट, कडू रस वाहतो. चर कापला की आतल्या भागाकडे तो रस येणं थांबतं. असं वर्तुळ दिसलं की भुंगेरा डोळ्यांसमोर नसला तरी तिथं येऊन गेलाय हे समजा.

सकाळी लवकर जायला सांगितलं ते एवढ्यासाठी की गारव्यात हे भुंगेरे सुस्त असतात. दुपारी हात पुढे केला की भुर्रकन उडतात, आणि माणूस चिडून फवारणीचा पंप शोधायला लागतो. एका पसरट भांड्यात पाणी घ्या, त्यात कपड्यांच्या साबणाचा चुरा ढवळा, भांडं पानाखाली धरा आणि पान हलकेच झटका. साबणाच्या पाण्यात पडलेला भुंगेरा वर येत नाही. दीड गुंठ्याला रोजची पंधरा मिनिटं पुरतात. त्यानंतर पानांवर दव आहे तोवर चुलीची चाळलेली राख फडक्यात बांधून हलकी धुरळा. थर नको, पान जेमतेम करडं दिसलं की पुरे. जोराची सर आली की राख धुऊन जाते, मग पुन्हा.

पण खरं घर मातीत आहे. हा भुंगेरा अंडी घालतो ती वेलाच्या बुंध्याजवळच्या ओल्या मातीत. त्यातून निघालेल्या पिवळट अळ्या मुळं कुरतडतात, जमिनीला टेकलेल्या फळातही शिरतात. वेल चांगला पोसलेला असताना भर दुपारी एकाएकी मान टाकायला लागला तर बुंध्याजवळ खुरप्यानं माती उकरून बघा. दुधी-काकडी मांडवावर चढवा, भोपळा जमिनीवरच ठेवायचा असेल तर फळाखाली पेंढा किंवा फुटकं कौल सरकवा. हंगाम संपला की वाळलेले वेल तसेच पडू देऊ नका. आळी खोल खणून माती उन्हाला उघडी टाका.

तुम्ही कारल्याबद्दल तक्रार केली नाहीत, ते मी पत्रात मुद्दाम शोधलं. कारल्याच्या वाटेला हा भुंगेरा फारसा जात नाही. चार वेलांत तीन खाल्ले गेले आणि कारलं हिरवंगार उभं असेल तर ओळख पक्की झाली म्हणून समजा.

आता वांगं. जाळी झालेलं एक पान खुडा आणि सूर्याकडे धरा. भोकं आरपार आहेत, की शिरा शाबूत ठेवून मधला हिरवा गर खरवडल्यासारखा दिसतोय? शिरांची जाळी शिल्लक असेल तर हा ठिपक्यांचा भुंगेरा, ज्याला एपिलॅक्ना किंवा हड्डा म्हणतात. तांबूस पाठीवर काळे ठिपके, सगळे मोजले तर अठ्ठावीसपर्यंत भरतात. वांगं, बटाटा, टोमॅटो ही त्याची आवडती मंडळी. पान उलटं करा. मागच्या बाजूला पिवळ्या, लांबट अंड्यांचा उभा पुंजका असेल, आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेल्या पिवळ्या, जाडसर, संथ अळ्या. भुंगेऱ्याइतक्याच त्या अळ्याही पान खातात.

इथंच तुमच्या पुतण्याकडून घोटाळा झाला असणार, आणि तो मोठ्या माणसांकडूनही होतो. चवळीवर जे ठिपक्यांचे भुंगेरे होते ते बहुधा ढालकिडे होते, लेडीबर्ड म्हणतात ते. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चिकटला की ढालकिडे तिथं येतात ते मावा खायला. चवळीचं पान त्यांच्या तोंडी लागत नाही. दोघे आकारानं सारखे, रंगानं सारखे, ठिपकेही दोघांना. मग फरक कशात? चमकेत. ढालकिडा नव्या कपाटाच्या पॉलिशसारखा चकाकतो, उजेड त्याच्या पाठीवरून परत येतो. हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट, मखमली दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत की जन्मात चुकणार नाही. ढालकिड्याच्या पाठीवर ठिपके कमी असतात: कुणाला सात, कुणाला ठिपक्यांऐवजी नागमोडी काळ्या रेघा. शिवाय कोणत्या झाडावर आहे ते बघा. मावा आहे आणि पानं शाबूत आहेत, तर तो ढालकिडा. मावा नाही आणि पानाची जाळी आहे, तर तो हड्डा.

ढालकिड्याची अळी तर कुणालाच ओळखू येत नाही. काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पायांवर तुरुतुरु पळणारी, दिसायला मगरीच्या पिल्लासारखी. मीही सुरुवातीच्या वर्षांत या अळ्यांना कीड समजून चवळीवर फवारणी केली होती. आठ दिवसांत मावा दुप्पट झाला, आणि का झाला ते कळायला मला पुढचा हंगाम लागला. त्या चुकीची बोच अजून आहे, म्हणून तुम्हाला इतकं सविस्तर लिहितोय. पुतण्याला रागावू नका. त्याला ही चमकेची खूण दाखवा आणि हड्डे वेचायचं काम त्याच्याकडेच द्या, मुलांची नजर तीक्ष्ण असते.

वांग्यावर करायचं ते एवढंच: आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघायची, अंड्यांचा पुंजका असलेला पानाचा तुकडा फाडून साबणाच्या पाण्यात टाकायचा, भुंगेरे आणि पिवळ्या अळ्या त्याच भांड्यात झटकायच्या. अंड्यांतून अळ्या बाहेर यायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पुरत नाही. वेचताना एक बघा. काही अळ्या तपकिरी, ताठर, पानाला चिकटून निर्जीव झालेल्या दिसतील. त्यांना हात लावू नका. त्यांच्या आत एका चिमुकल्या गांधीलमाशीची पिल्लं वाढताहेत आणि बाहेर पडली की पुढच्या हड्ड्यांचा समाचार तीच घेतील. आपल्याकडची ही गांधीलमाशी १९६०च्या दशकात अमेरिकेनं भारतातून नेली, तिथल्या घेवड्यावरच्या अशाच भुंगेऱ्यासाठी. तुमच्या परसात ती फुकट येते, फक्त तो डबा उघडला नाही तर.

वांग्याच्या पानांच्या कडा करवतीनं कापल्यासारख्या दिसत असतील तर तो वेगळा, राखाडी रंगाचा सोंड्या भुंगेरा. त्यालाही सकाळी झटकूनच गोळा करायचं.

जास्वंदीकडे वळताना हातमोजे घाला. पुतण्याच्या बोटांना फोड आले ते इथल्याच भुंगेऱ्यामुळे, याची मला जवळजवळ खात्री आहे. इंचभर लांब, काळा, पाठीवर नारिंगी रुंद पट्टे, फुलाच्या पाकळ्या मन लावून खात बसलेला. शेतकरी यांना हिंगे म्हणतात. भेंडीच्या, तुरीच्या, चवळीच्या फुलांवरही येतात. चिरडला की याच्या अंगातून कॅन्थॅरिडिन नावाचं द्रव्य निघतं. हात लावताना काहीच जाणवत नाही, काही तासांनी कातडीवर पाण्याचे फोड उठतात. पुतण्याचा हात साबणानं स्वच्छ धुवा, फोड फोडू नका, फुटला तर स्वच्छ कापडानं झाका. तो हात डोळ्याला लागला असेल आणि डोळा लाल झाला असेल तर भरपूर पाण्यानं धुऊन आजच डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. इथून पुढे हिंगे हाताळायचे ते मोज्यानं किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी चढवून, आणि थेट साबणाच्या पाण्यात. चिरडायचे कधीच नाहीत. चार-दोनच असतील तर मी सोडून देतो. त्यांच्या अळ्या मातीतली टोळांची अंडी खातात, आणि जास्वंद दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलते.

त्याच जास्वंदीच्या फांद्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण असेल, पावसाळ्याच्या आधी बहुतेक जास्वंदींवर असतो. तिथं एक खबरदारी. त्या कापसातला एखादा पुंजका चालताना दिसला, इतरांपेक्षा मोठा आणि झिपऱ्या सुटलेला, तर तो पिठ्या ढेकूण नाही. ती एका ढालकिड्याची अळी आहे, पिठ्या ढेकणाचं सोंग घेऊन त्यांनाच खाणारी. क्रिप्टोलीमस हे त्याचं नाव. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून हा भुंगेरा भारतात आणला गेला, कॉफीच्या मळ्यांसाठी. आज आपले द्राक्ष बागायतदार तो विकत घेऊन बागेत सोडतात. तुमच्याकडे आपण होऊन आला असेल तर त्याला राहू द्या.

राहिली कुंडीतली अळी, जिनं तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलंय. ती हुमणी नसावी असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. हुमणीचे तपकिरी भुंगेरे वळवाचा किंवा पहिला मोठा पाऊस झाला की अंधार पडताना जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात आणि पहाटेआधी पुन्हा मातीत शिरून अंडी घालतात. जूनमध्ये घातलेल्या अंड्यांतल्या अळ्या जुलैत अजून लहान असतात. मुळं फस्त करणारी जाडजूड हुमणी आपल्या उसात, भुईमुगात दिसते ती ऑगस्टपासून पुढे. तुम्हाला जुलैतच अंगठ्याएवढी अळी मिळाली, तीही शेणखत भरलेल्या कुंडीत. ती खतातूनच आलेली, कुजलेलं खाणारी अळी असण्याची शक्यता जास्त.

अंदाजावर थांबू नका, बघून घ्या. अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि मिनिटभर थांबा. ती पाठीवर उताणी झाली, पाय आभाळाकडे, आणि तशीच उताणीच सरपटत निघाली, तर ती फुलभुंगेऱ्याची अळी. तिला मुळांशी कर्तव्य नाही. उचलून खतखड्ड्यात सोडा, तिथं ती तुमचंच काम करते. ती इंग्रजी ‘सी’सारखी वेटोळं करून कुशीवर पडून राहिली किंवा पोटावर चालून पळायला लागली, तर मात्र सावध व्हा. कुंडीची माती कागदावर ओतून अशा सगळ्या अळ्या वेचा आणि कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे टाका. मग ताजी माती भरताना पूर्ण कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम बुरशीची पावडर मिसळा. कृषी सेवा केंद्रात मिळते, प्रमाण पाकिटावर असतं, तयार होण्याची आणि संपण्याची तारीख बघूनच घ्या. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढून तिला मारते, तिला ओल लागते, म्हणून पावसाळा हाच तिचा मोसम. अर्धवट कुजलेलं शेण कुंडीत कधीच भरू नका.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी दोन ओळी: तुमच्या खतखड्ड्यात बोटापेक्षा जाड अळ्या असतील आणि माडाची नवी झावळी पंख्यासारखी, कात्रीनं तिरकी कापल्यागत उलगडत असेल, तर त्या गेंडा भुंग्याच्या अळ्या आहेत. तिथं दया नको. खड्डा उपसून सगळ्या वेचा.

आणि ताई, पुढच्या वर्षी वळवाच्या पहिल्या सरीनंतर सात-आठच्या सुमाराला ओसरीवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. तपकिरी भुंगेरे बल्बवर टपटप आपटायला लागले की दारात कडुनिंब असेल तर त्याच्या फांद्या आकड्यानं हलवा, खाली जुनी चादर अंथरा, पडतील ते साबणाच्या पाण्यात. त्या पहिल्या चार-पाच संध्याकाळी गोळा केलेली एकेक मादी म्हणजे मातीत न गेलेली अंडी. हे एका घरानं करून भागत नाही. शेजारच्या काकांना डबा परत करण्याऐवजी या कामाला बोलवा.

फवारणीच हवी असेल तर निंबोळी अर्क. सध्या निंबोळ्या झडताहेत, गोळा करून गर धुऊन काढा आणि सावलीत वाळवा. वाळलेल्या ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून फडक्यात बांधा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळून घ्या, त्यात चिमूटभर साबणचुरा. ते त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा, पानांच्या खालून विशेष. कडक उन्हात त्याची ताकद जाते. आधी काकडीच्या एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी पान भाजलं नाही ना ते बघा. यानं भुंगेरे पटापट मरून पडणार नाहीत, तेव्हा ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. पान कडू झालं की ते खाणं टाकतात, अळ्यांची वाढ अडते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि मावा असलेल्या शेंड्यांवर ढालकिडे असतील तर तिथं हा अर्कही फवारू नका.

काकडी आणि दोडक्याचं बी पुन्हा लावायला अजून वेळ आहे. जुन्या आळ्यात लावू नका, तिथल्या मातीत अळ्या असतील. चार हात बाजूला नवं आळं करा. उगवल्याबरोबर त्यावर काड्यांचा सांगाडा करून जुन्या मच्छरदाणीचं कापड टाका, कडा मातीत दाबा. पहिली फुलं दिसली की कापड काढायचं, नाहीतर मधमाश्या आत येणार कशा आणि काकडी धरणार कशी?

फरशीवर ठेवलेली अळी उताणी चालली की पालथी, ते मात्र मला नक्की कळवा.